सागरी वादळ आणि नौकामालक : किनाऱ्याकडून घ्यावयाचा धडा

धानोरा तालुक्यातील शेतकऱ्याने समुद्रावरील वादळाचा अभ्यास कशासाठी करावा, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. आपल्याकडे साल-सागाचे जंगल, धानाच्या बांध्या, बोड्या आणि कठाणी-वैनगंगेचे पाणी. समुद्र येथील पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. तथापि नकाशा पुढे घेऊन पाहिल्यास असे दिसून येईल की, मुंबईच्या समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर आपणांस पुष्कळच जवळ आहे. तेथे उठलेल्या वादळाचा वारा आपल्यापर्यंत सहसा पोचत नाही. पण त्याचा पाऊस पोचतो. ५ डिसेंबर २०२३ रोजी आंध्र किनाऱ्यावर बापटल्याजवळ जमिनीस लागलेल्या 'मिचाँग' वादळाचे ढग पूर्व विदर्भावर आले, तेव्हा कापलेल्या धानाच्या कडपा व पुंजणे उघड्यावर असलेल्यांस त्याचा अर्थ कळला. यास्तव ज्यांचे सर्व भांडवल वादळाच्या तोंडी असते, ते कोकणचे नौकामालक संकटापूर्वी व संकटानंतर काय करतात, हे पाहणे आपणांस उपयोगाचे आहे.

वादळाचे स्वरूप

समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअसहून अधिक तापले, म्हणजे त्यातून उठणारी वाफ वर जाऊन थंड होते व आपली उष्णता हवेस देते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, खाली दाब कमी होतो, आणि सभोवारची हवा त्या उणिवेकडे धाव घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ न जाता चक्राकार फिरते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरते. जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा तुटतो व वादळ मंदावते. मात्र त्यातील पाणी पावसाच्या रूपाने शेकडो मैल आत येते.

आपल्या हवामान खात्याच्या मोजणीप्रमाणे ताशी ६२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यापासून चक्रीवादळ म्हणतात, ८९ पासून तीव्र आणि ११८ पासून अतितीव्र. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलेले छप्पर १२० च्या वाऱ्यात टिकेल, हा भरवसा व्यर्थ होय.

दुसरी गोष्ट वादळाच्या मध्याची. तेथे वारा जवळजवळ पडतो, कधी आकाशही मोकळे दिसते. अजाण मनुष्यास वाटते की संकट टळले, आणि तो नौका पाहण्यास बाहेर पडतो. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने पूर्वीच्याच जोराने सुटतो. एका दिशेच्या वाऱ्याचा विचार करून बांधलेली नौका या दुसऱ्या तडाख्यात दोर तोडते. यास्तव जाणता नाखवा चहूबाजूंनी दोर घेतो व दोन नौकांमध्ये मोकळी जागा ठेवतो.

सूचना आणि बावटा

सन १८६४ च्या कलकत्त्याच्या भयंकर वादळानंतर बंदरांवर धोक्याची खूण दाखविण्याची पद्धत आपल्या देशात सुरू झाली, आणि १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. बंदरावर दिवसा शंकू व नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवितात, रात्री दिवे लावतात. त्यांस १ पासून ११ पर्यंत क्रमांक आहेत. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य कोकणात लहान मुलासही समजते: बंदरावरच जोराच्या वाऱ्याचा संभव आहे, होडी काढू नये. ८ ते १० हे क्रमांक महासंकटाचे, आणि ११ वा क्रमांक सूचना देणाऱ्या कचेरीशी दळणवळण तुटल्याचा.

मात्र सूचना निघणे वेगळे व ती योग्य मनुष्याच्या कानी पडणे वेगळे. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारीजवळ 'ओखी' वादळ इतक्या त्वरेने बळावले की, केरळ व तामिळनाडूच्या पुष्कळ नौका त्यापूर्वीच खोल समुद्रात गेल्या होत्या. किनाऱ्यावरील दूरध्वनी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. पुष्कळांचे प्राण गेले. त्यांतूनच वाहवत, झुंजत ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह डिसेंबरच्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडच्या आश्रयास सुखरूप लागल्या. पुढे २०१९ साली उपग्रहाद्वारे खोल समुद्रात सूचना पोचविणारे 'जेमिनी' नावाचे उपकरण पुढे आले, त्याचे मूळ अशाच अनुभवात आहे.

दोन वादळे, दोन वेळा

अलीकडच्या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यास दोन वादळांचा विशेष त्रास झाला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ दुपारच्या सुमारास अलिबागच्या दक्षिणेस जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पुढील वर्षी मे महिन्याच्या १६ व १७ तारखांस 'तौक्ते' वादळ किनाऱ्यालगत समुद्रातून उत्तरेस गेले व १७ च्या रात्री सौराष्ट्रात उतरले. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत त्या दिवशी ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला.

नौकामालकाच्या दृष्टीने या दोहोंत तारखेचा मोठा भेद आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांस मासेमारीची बंदी असते. मेअखेरीस नौका ओढून काठावर घेतात व झावळ्यांनी, कापडांनी झाकतात. यास 'शाकारणे' म्हणतात. 'निसर्ग' आले तेव्हा हंगाम संपलेला होता, पुष्कळ नौका वर घेतलेल्या किंवा घेण्याच्या बेतात होत्या. 'तौक्ते' आले तेव्हा हंगामाचे दोन आठवडे शिल्लक होते. नौका पाण्यात, जाळी नौकांवर, आणि अंगणातील मांडवांवर पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील व जवळा वाळत पडलेला. या सुक्या मासळीचा व्यवहार बहुधा स्त्रियांच्या हाती असतो. ती भिजली म्हणजे घरातील बाईचे चार महिन्यांचे उत्पन्न गेले. नुकसानीच्या यादीत नौका दिसते, हे भिजलेले बोंबील क्वचितच दिसतात.

'तौक्ते'च्या वेळी देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या दोन नौका बुडाल्या व मनुष्यहानीही झाली. ज्या बंदराने चार वर्षांपूर्वी साडेनऊशे जीवांस आश्रय दिला, त्याच बंदरात हे घडावे, यावरून एक कठोर नियम निघतो: नांगरावरील नौका सुरक्षित आहे म्हणजे तिच्यावरील मनुष्य सुरक्षित आहे असे नव्हे. नौका राखण्यासाठी खलाशी वर ठेवू नये. नौका पुन्हा बांधता येते.

वादळानंतरचा हिशेब

वादळ एक दिवस असते; त्यानंतरचा काळ वर्षानुवर्षे चालतो. नौकामालकाचे नुकसान पायरीपायरीने होते. प्रथम नौकेचा सांगाडा व यंत्र, मग जाळी, मग न झालेल्या फेऱ्यांचे उत्पन्न, आणि शेवटी कर्जाचे व्याज. मासळीची विक्री झाल्यावर डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्यात नौकेचा, जाळ्याचा व खलाश्यांचा वाटा पडतो. फेरी झाली नाही तर वाटा कोणासच नाही. परंतु हप्ता मात्र थांबत नाही. कित्येक मालक व्यापाऱ्याकडून हंगामापूर्वी उचल घेतात व त्याच्याच हाती मासळी देण्यास बांधले जातात. धान निघण्याआधीच ज्याचे धान बोलले गेले आहे, त्या आपल्या शेतकऱ्यास ही रीत निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

सरकारी मदतीचे प्रमाण पाहावे. २०१५ ते २०२० या काळच्या आपत्ती निधीच्या नियमांत नौकेच्या अंशतः दुरुस्तीस ४,१०० रुपये, नौका सर्वस्वी गेल्यास ९,६०० रुपये, आणि जाळ्यांच्या दुरुस्तीस २,१०० व नव्या जाळ्यास २,६०० रुपये धरले होते. 'तौक्ते'नंतर महाराष्ट्र सरकारने हे आकडे वाढवून दुरुस्तीस १०,०००, पूर्ण नुकसानीस २५,००० व जाळ्यांस ५,००० रुपये केले. लहान वल्ह्याच्या होडीस हे साह्य खरे आहे. परंतु ज्या यंत्रनौकेस लाखांनी रुपये लागतात, तिच्या मालकास एवढ्यात नवे यंत्र काय, यंत्राचा एक भागही मिळणे कठीण. बागाईतदाराची स्थिती याहून बरी नव्हती. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. 'निसर्ग' वादळात तेथील बागाच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून फळास येण्यास सहा-सात वर्षे लागतात. मदत मात्र पुढे सुपारीच्या झाडास ५० व नारळास २५० रुपये या दराने ठरली.

यावरून सरकारी मदत निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती पहिल्या महिन्याच्या चुलीसाठी आहे, धंदा पुन्हा उभा करण्यासाठी नाही, हे ओळखून आपली तजवीज आधी करावी, एवढेच आमचे म्हणणे.

कोण लवकर सावरतो?

पहिली गोष्ट कागदांची. ज्याची नौका नोंदलेली, परवाना चालू आणि विमा भरलेला, त्याचा पंचनामा सुरळीत होतो. जाळी कोणती व किती होती हे तोंडी सांगून भागत नाही. खरेदीच्या पावत्या व छायाचित्रे लागतात. हे कागद नौकेतच ठेवले तर नौकेबरोबर तेही जातात.

दुसरी गोष्ट पहिल्या दिवसाच्या कामाची. खाऱ्या पाण्यात बुडालेले यंत्र वर काढून तसेच ठेवले तर हवा लागताच गंजू लागते. म्हणून ते लगेच गोड्या पाण्याने धुऊन, आतील पाणी व तेल काढून, नवे तेल घालून कारागिराच्या हाती द्यावयाचे असते. घाईने चालू करून पाहणारा यंत्र गमावतो. पुरात बुडालेल्या आपल्या पाणी ओढणाऱ्या पंपासही हाच नियम लागू आहे: पूर्ण वाळवून, तपासून घेतल्यावाचून वीज जोडू नये.

तिसरी गोष्ट संघशक्तीची. मच्छीमार सहकारी संस्था सभासदांस डिझेल पुरवितात, नौकांच्या कर्जाची व्यवस्था पाहतात, आणि संकटकाळी गावाची एकत्र यादी कचेरीपुढे ठेवतात. एकट्याचा अर्ज मागे पडतो. साठ जणांची सहीनिशी यादी सहसा मागे पडत नाही. अपघाती मृत्यूच्या विम्याचेही तसेच. २०२० साली आरंभिलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूस ५ लाख रुपयांची तरतूद ठेवली. पण ज्याचे नाव यादीत नाही त्याच्या घरी ती कशी पोचणार?

आपल्या तालुक्यास लागू

आमच्या जिल्ह्यातही नावा आहेत. वैनगंगेवर ढिवर बांधवांचे डोंगे चालतात व शेतमजूर नावेने पैलतीरी कामास जातात. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडण्यास निघालेल्या स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटून त्यांतील काहींचा अंत झाला. त्यास वादळाची गरज लागली नाही. समुद्रावरचा नाखवा जितकी शिस्त पाळतो, तितकी नदीवर पाळावी असे आपणांस का वाटू नये? नावेत किती माणसे बसावीत हे रंगाने लिहिलेले असावे, आणि हवेने फुगविलेली नळी किंवा रिकामे बंद डबे दोरीने बांधलेले असावेत. त्यास खर्च अल्प आहे.

पुराचेही तसेच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेकाठची गावे वेढली गेली. त्या पाण्याची वार्ता वरून खाली येण्यास काही तास मिळतात. ते तास पुंजणे हलविण्यास, जनावरे सोडण्यास व डोंगे वर ओढण्यास पुरतात. मात्र वार्ता कोणी कोणास सांगावयाची हे आधी ठरलेले असले पाहिजे.

वाचनमंडळांनी विचार करावयाचे प्रश्न

१. उपसागरात वादळ उठल्याची वार्ता आपल्या गावात प्रथम कोणास कळते, आणि त्याने ती शेवटच्या टोल्यापर्यंत कशी पोचवावी?

२. धान कापणीच्या दिवसांत अशी वार्ता आल्यास कापणी थांबवावी की कडपा उचलाव्या? गावात ताडपत्र्या किती आहेत, व त्या सामायिक ठेवता येतील काय?

३. सातबारा, विम्याची पावती व बँकेचे पुस्तक यांच्या प्रती घराबाहेर दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेविल्या आहेत काय?

४. गावातील प्रत्येक डोंग्यात व नावेत किती माणसे बसवावीत, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे द्यावा?

५. हंगाम बरा गेला त्या वर्षी प्रत्येक घराने पायलीभर धान संकटनिधीत घातले, तर तीन वर्षांत किती साठेल, याचा हिशेब मंडळाने प्रत्यक्ष मांडून पाहावा व सभेपुढे ठेवावा.