दार तासायची घाई करू नका

नागपुरात अंगणातली शेड कशासाठी हवी, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एका शब्दाचं आहे: कूलर. दिवाळी झाली की तो लोखंडी ठोकळा ठेवायचा कुठे, हा प्रश्न मनीषनगरात अजून ज्यांची स्वतंत्र घरं उरली आहेत त्या सगळ्यांना पडतो. गच्चीवर ठेवला तर गंजतो, जिन्याखाली ठेवला तर वाट अडवतो. कुदळ, खताची पोती, रिकाम्या कुंड्या, पाण्याचा पाइप ही मंडळी नंतरची. म्हणून नकाशा काढण्याआधी टेप घ्या आणि कूलर स्टँडसकट मोजा. दाराची रुंदी त्यावरून ठरेल, दारावरून भिंत ठरेल. माझ्या माहितीतल्या एका अंगणात फार देखणी लाकडी शेड उभी आहे आणि कूलर अजून जिन्याखालीच आहे.

‘पत्र्याची करा, दोन दिवसांत होते,’ असं सगळेच सांगतात. ते खोटं नाही. नुसतं सामान कोंबायचं असेल आणि करवतीशी तुमचं काही नातं नसेल तर पत्र्याचीच करा, हे मी लाकडाची शेड बांधूनही सांगते. पण २३ मे २०१३ ला या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि पंचेचाळीस तर बऱ्याच उन्हाळ्यांत होतं. पत्र्याच्या चार भिंतींत तेव्हा बियाणं, औषधं, प्लॅस्टिकचे पाइप यांचं काय होत असेल ते सांगायला नको. लाकडाच्या भिंतीतून उष्णता लोखंडाच्या मानाने फारच सावकाश आत येते. शिवाय मला रंध्याचा आवाज आवडतो. हे कारण कोणाला पटवून देण्याची गरज मला वाटत नाही.

आता मुद्द्याचं. लाकडी शेड बिघडते ती बहुतेक वेळा लाकडामुळे नाही, खालच्या मातीमुळे. शेड कशी बांधावी हे दाखवणारे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक दुसऱ्या देशांतले. त्यात खड्डा खणतात, खांब उभा करतात, काँक्रीट ओततात आणि हसत हसत पुढच्या कामाला लागतात. त्यांच्या जमिनीवर ते चालत असेल. नागपूरचा पश्चिमेकडचा भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे आणि त्या दगडापासून झालेली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत हात जातो. जुलैत त्याच भेगा मिटून जमीन वर उचललेली असते. त्या मातीत असलेली चिकणमाती पाणी आपल्या थरांच्या आत ओढून घेते, त्याचा हा परिणाम. या जमिनीवर घरं बांधता यावीत म्हणून रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर गोळा असलेल्या पायल्सची पद्धत बसवली. पायल खोल जाते, जिथे ओल वर्षभर सारखी असते तिथे पाय रोवते. शेडसाठी इतकं कोणी करणार नाही. करूही नये.

माझ्या शेडचे चार खांब व्हिडिओबरहुकूम काँक्रीटमध्ये उभे होते. मे महिन्यात दार लोण्यासारखं फिरत होतं. जुलैच्या मध्यावर ते कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात अडकायला लागलं. मी रंधा काढला, तेवढ्यात शेजारच्या बांधकामावर आलेले एक म्हातारे सुतार काका कुंपणापाशी थांबले. म्हणाले, “ताई, रंधा ठेवा जी. दाराचं काही नाही बिघडलं, जमीन उठली.” त्यांनी ओळंबा मागितला नाही की लेव्हल मागितली नाही, दोरी घेऊन चौकटीचे दोन कर्ण मोजायला लावले. दोन्ही सारखे यायला हवेत. बोटभर फरक आला.

कारण साधं होतं. शेडच्या एका अंगाला माझे गुलाबाचे वाफे. त्यांना मी उन्हाळाभर पाणी घातलेलं, त्यामुळे तिकडची माती आधीच फुगलेली. दुसऱ्या अंगाची माती वाळून खाली बसलेली. मी शेड बांधली ती अशा वाकड्या जमिनीवर आणि सरळ मोजून. पाऊस आला, कोरडी बाजू उठली, तिकडचे खांब उठले. प्रत्येक खांब स्वतंत्रपणे जमिनीत गाडलेला, त्यामुळे प्रत्येकाची चाल स्वतंत्र.

दार अडकलं की दोन शक्यता असतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. दार कडेने वरपासून खालपर्यंत सारखंच घट्ट बसत असेल तर लाकूड फुगलं आहे. कार्तिकापर्यंत थांबा, ते आपोआप आकसेल. एकाच कोपऱ्यात घासत असेल आणि त्याच कडेच्या दुसऱ्या टोकाला फट वाढलेली दिसत असेल तर चौकट तिरकी झाली आहे. दोन्ही प्रकारांत पावसाळ्यात दार तासणं म्हणजे हिवाळ्यात फट विकत घेणं. तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

मग करायचं काय? जमिनीशी भांडायचं नाही, शेडला तिच्यावर एकसंध ठेवायचं. खांब गाडू नका. जागेवरची वरची फूटभर काळी माती काढून टाका. त्या जागी मुरूम भरा, पण एकदम नाही: चार-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, धुम्मसने ठोकणं, मग पुढचा थर. हा मुरूम शेडच्या भिंतीपुरता न ठेवता चारही बाजूंनी दीड-दोन फूट बाहेर न्या आणि बाहेरच्या बाजूला उतार द्या, कारण ओल आणि कोरड यांची खरी ओढाताण कडेलाच होते. वर काँक्रीटचे भरीव ठोकळे, त्यांवर चार इंच बाय तीन इंच लाकडाची मजबूत पायाची चौकट, आणि खांब, भिंती, दार सगळं त्या चौकटीवर. आता जमीन एका कोपऱ्यात उठली तरी अख्खी शेड किंचित कलते, आतून मुरगळत नाही. गाडीचा जॅक लावून तो कोपरा उचलायचा आणि ठोकळ्यावर जाड लोखंडी पट्ट्यांचे तुकडे सरकवून किंवा काढून समतल करायचा. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या मध्यावर आणि एकदा होळीच्या सुमारास, पाण्याच्या नळीने चारही कोपरे तपासले की काम भागतं. माझ्या शेडचे खांब शेवटी जमिनीलगत कापून खाली अशीच चौकट घालावी लागली. आधीच केली असती तर निम्म्या कष्टात झाली असती.

फक्त वरवर ठेवलेली शेड वादळात उडू शकते. मे-जूनमधल्या आपल्याकडच्या वावटळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. चारही कोपऱ्यांशी मुरुमात एकेक वजनदार काँक्रीटचा ठोकळा पुरून ठेवा आणि लोखंडी पट्टी नटबोल्टने चौकटीला जोडा. नट सैल करता येतो, म्हणून समतल करतानाही अडचण येत नाही. आणि वाफे शेडपासून लांब न्या. हे मला माझ्या गुलाबांसाठी फार जड गेलं, पण गेले ते कुंपणाकडे.

लाकूड. लकडगंजात गेलात की पहिलं ऐकाल ते सागवान. सागवान उत्तम, यात वाद नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला आणि नव्या संसद भवनातही नागपूरहून गेलेला साग आहे. पण ते सगळं आतल्या पक्क्या गाभ्याचं लाकूड. बाहेरचा फिकट पांढरा पट्टा सागाचा असला तरी वाळवी तो आनंदाने खाते. ‘सागवान आहे ना, मग काय!’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची फसगत इथेच होते. स्वस्त पडलेल्या सागाच्या कडा बघा, पांढरं जास्त दिसेल. तो माल दारखिडकीच्या आत ठीक, पायाच्या चौकटीत नको.

हिशेब घनफुटाचा असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४. दहा फुटांची चार बाय तीनची कडी म्हणजे ०.८३ घनफूट. दुकानात जाण्याआधी हे वहीत मांडून न्या आणि बिल घ्या. सागाला वाहतुकीचा पास लागतो, बिनबिलाचा माल घेऊन नंतर कटकट नको.

महाल-इतवारीतली जुनी घरं पडतात तेव्हा निघणारं लाकूड मला सगळ्यांत आवडतं. पन्नास-साठ उन्हाळे बघितलेली कडी आता आणखी आकसून आकसून किती आकसणार? फक्त आरा मशीनवर नेण्याआधी खिळे हुडका, लोहचुंबक फिरवा, आणि बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर ती कडी कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. घुण घरी आणू नका.

बुटीबोरीकडून येणारी पॅकिंगची पाइनची लाकडं स्वस्त असतात म्हणून पुष्कळ जण घेतात. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, त्याशेजारची अक्षरं वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं आहे. त्याने आतले किडे मरतात, एवढंच. उद्या येणाऱ्या वाळवीशी त्याचा संबंध नाही. दुकानदार ‘ट्रीटेड आहे’ म्हणतो तेव्हा बरेचदा त्याला हेच म्हणायचं असतं. ‘एमबी’ लिहिलं असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेलं आहे. ते मी घेत नाही.

आणलेलं लाकूड लगेच ठोकू नका. सावलीत, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घालून रचा, टोकांना जुना रंग फासा म्हणजे टोकं फाटत नाहीत. वाळलं की नाही हे बघायला एक तुकडा किराणा दुकानातल्या काट्यावर आठवड्याने तोलत राहा. वजन उतरायचं थांबलं की समजा तयार. तरीही ते हलणारच. सहा इंच रुंदीची सागाची फळी नागपूरच्या मे आणि ऑगस्टमध्ये दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होते. दहा फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून दोन्ही कडांनी ठोकल्या तर पावसाळ्यात त्यांना जायला जागा नाही. भिंत पोट काढते नाहीतर फळी फाटते. म्हणून फळ्यांमध्ये थोडी फट ठेवा, प्रत्येक फळीला खिळे मध्यावरच मारा, आणि फटीवर जी झाकणपट्टी बसवाल तिचे खिळे शेजारच्या फळीत जाऊ देऊ नका, फटीतून थेट मागच्या आडव्या पट्टीत जाऊ द्या. लांबीत मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही, तिथे काटेकोर मोजा.

छपराबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. पन्हळी पत्रा, मागे उतार, भिंतीबाहेर फूटभर पुढे. पण पन्हाळ लावाच आणि त्याचं पाणी नळीने दूर न्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे इथे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, नाग नदीने निम्मं शहर हलवून सोडलं. तेवढं पाणी एका छपरावरून एकाच कोपऱ्यात पडलं तर मुरुमाचा सगळा खटाटोप वाया.

जमिनीपासून शेड फूटभर उंच ठेवण्याचं मुख्य कारण पाणी नाही, वाळवी आहे. ती मातीच्या नळ्या करून वर चढते. ठोकळ्यांवर, कडा खाली वळवलेल्या जस्ती पत्र्याच्या टोप्या बसवा. टोपीने वाळवी थांबतेच असं नाही, पण तिला टोपीच्या बाहेरून वळसा घालून नळी करावी लागते आणि ती नळी तुम्हाला दिसते. बॅटरी घेऊन महिन्यातून एकदा खाली बघा, दिसली की खरवडा. खाली लाकडाचे तुकडे, विटा, जुनी पोती सरकवून ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तिथे आधी उंदीर येतात, मग उंदरांमागे पावसाळ्यात नाग किंवा घोणस. आमच्या भागात सर्पमित्राचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असतो, उगाच नाही. चारही बाजूंनी बारीक जाळी लावा, एक बाजू बघण्यापुरती उघडता येईल अशी ठेवा. वाळवीचं औषध भाजीच्या वाफ्याजवळ किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते काम परवानाधारकाकडून करून घ्या.

बांधण्याआधी महापालिकेच्या झोन कार्यालयात एकदा विचारून या. घराच्या कडेला सोडलेल्या मोकळ्या जागेत काय चालतं आणि काय नाही, हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवण्यात अर्थ नाही. त्याची शेड अजून कोणी बघितलेली नसते, एवढंच.

शेवटचा हात तेलाचा. विदर्भात जवस पिकतं, घाण्याचं तेल सहज मिळतं, म्हणून ते लाकडाला लावायचा विचार येतो. खायचं कच्चं तेल वाळायला फार वेळ लावतं आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. रंगाच्या दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळतं ते घ्या, पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन मिसळा. काम दिवाळीनंतर करा, लाकूड कोरडं आणि ऊन सौम्य असताना. आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती अडकून राहते आणि ठिणगीशिवाय चिंध्या पेट घेतात. संध्याकाळी त्या पाण्यात भिजवा, एकेक उलगडून घरापासून दूर उघड्यावर तारेवर टाका, कडक झाल्यावरच कचऱ्यात द्या.