पादचाऱ्यांची वाट

आषाढी एकादशीला अजून काही दिवसांचा अवकाश असतो, तोच शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी मजल दरमजल करीत परभणीस येते व पुढे गंगाखेडच्या वाटेने पंढरपूरकडे जाते. टाळमृदंगांचा घोष कानी पडला की मोटारी थबकतात. त्या दिवशी रस्ता चालणाऱ्यांचा असतो. पालखी पुढे गेली म्हणजे तो पुन्हा वाहनांचा होतो. आणि शाळेला निघालेली मुले, बाजारातून परतणाऱ्या बाया, काठी टेकीत चाललेले वृद्ध यांना आपापली वाट शोधावी लागते.

ही वाट तयार करणे व ती नीट राखणे हे नगरसंस्थेचे काम होय. परभणीस पूर्वी नगरपरिषद होती. २०११ साली तेथे महानगरपालिका स्थापन झाली. रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे हे महानगरपालिकेचे कायद्याने ठरविलेले कर्तव्य आहे. रस्त्यात पदपथही आलाच; पण पुष्कळदा तो सर्वांत शेवटी आठवतो! निर्वेध पदपथ हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितले.

पदपथ कोठे व केवढा असावा, हे नुसत्या अंदाजाने ठरवून चालत नाही. शाळा, बसस्थानक, बाजार अशा ठिकाणी उभे राहून तासाला किती माणसे जातात व ती कोठून रस्ता ओलांडतात, हे मोजावे लागते. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने यासाठी प्रमाणे घालून दिली आहेत. पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी. चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींजवळून जाव्यात, हा त्यातील हेतू. विजेचा खांब किंवा झाड या रुंदीत धरावयाचे नाही. कडेची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. कारण उंच कडा चढण्यापेक्षा म्हातारे माणूस खालून रस्त्यानेच जाणे पत्करते.

रस्ता ओलांडण्याच्या जागी पांढरे पट्टे आखतात. झेब्र्याच्या अंगावरील पट्ट्यांची आठवण करून देणारी ही खूण इंग्लंडमधील स्लाउ गावी १९५१ साली प्रथम आखली गेली. धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो. म्हणजे १२ मीटर रुंदीचा रस्ता त्याला १० सेकंदांत ओलांडता येतो. आजीबाईंची चाल सेकंदाला ०.८ मीटर धरली, तर त्यांना १५ सेकंद लागतील. दिवा दहाच सेकंद थांबला, तर त्या भर रस्त्यात अडकून पडतील. म्हणून रुंद रस्त्याच्या मध्ये थांबण्यास सुरक्षित जागा ठेवतात. चाकांच्या घर्षणाने पट्टे पुसट होतात. ते वेळोवेळी पुन्हा रंगवावे लागतात, नाही तर चालकास ते दिसणार तरी कसे?

परभणीस खरी अडचण मात्र पायाखालीच आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील ही काळी जमीन कापसाला व ज्वारीला मानवते; बांधकामाला ती दगा देते. पावसाळ्यात तिचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात. उन्हाळ्यात तीच आकसते व तिला भेगा पडतात. तिच्यावर नुसत्या फरश्या मांडल्या, तर वर्षभरात एक वर तर दुसरी खाली अशी त्यांची गत होते. म्हणून आधी काही खोलीपर्यंत काळी माती काढून टाकतात. त्या जागी मुरुमाचे थर घालून प्रत्येक थर पाणी मारून घट्ट दाबतात. मुरुमावर खडी, खडीवर वाळू व शेवटी सिमेंटचे गट्टू बसवितात. पाणी साचू नये म्हणून गटाराकडे किंचित उतार देतात. इतके सारे झाल्यावर कोणी नळासाठी पदपथ खणतो, आणि काढलेली तीच काळी माती परत खड्ड्यात लोटतो! पहिल्याच पावसात ती जागा खचते.

खचलेले गट्टू उचलावयाचे, खालचा थर पुन्हा दाबावयाचा, वाळू सारखी करावयाची व गट्टू होते तसे बसवावयाचे. लहानसा खड्डा असेल तर दोन माणसांचे हे थोड्या वेळाचे काम. ते पावसाळ्यापूर्वी राहून गेले, की त्या जागी डबके साचते, आणि दप्तरे सावरीत आलेली मुले पदपथावरून उतरून मोटारींच्या कडेने चालू लागतात.