बिघडलेली दुरुस्ती आणि ग्राहकाचे हक्क

ग्राहक संरक्षण कायद्याचे नाव निघाले की आपणा डॉक्टर मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात, शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. तेव्हापासून आपण या कायद्याकडे प्रतिवादीच्या नजरेनेच पाहत आलो. परंतु दवाखान्याबाहेर पाऊल टाकताच आपणही ग्राहकच असतो. त्या बाजूने या कायद्याचा परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

उदाहरण मोबाइलच्या दुरुस्तीचे घेऊ. दोन वर्षांपूर्वी तडकलेली काच बदलण्यासाठी मी माझा मोबाइल येथील एका दुकानात दिला. काच नवी मिळाली, पण माझे बोलणे पलीकडे ऐकू जाईना. तान्ह्या मुलाला ताप भरला म्हणून एखादी आई मध्यरात्री फोन करते, तेव्हा ही नुसती गैरसोय राहत नाही. दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते : "डॉक्टरसाहब, मदरबोर्ड में पानी पहले से था." मात्र मोबाइल देतानाच पावतीवर 'फक्त काच तडकलेली, आवाज, कॅमेरा व चार्जिंग चालू' असे लिहून मी त्याची सही घेतली होती. ती पावती जोडून लेखी तक्रार दिली आणि आठवड्याभरात दुरुस्ती विनामूल्य झाली.

आता कायद्याकडे वळू. १९८६ च्या कायद्याची जागा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. मोबदला देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही 'सेवा' होय. तीत निष्काळजीपणा करणे किंवा आवश्यक माहिती हेतुपुरस्सर दडवणे ही 'सेवेतील त्रुटी' ठरते. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. विनामूल्य सेवेला हे संरक्षण नाही. म्हणून ओळखीचा दुकानदार "राहू द्या" म्हणाला तरी पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी.

याखेरीज भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम १५१ आहे. सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ताब्यात आलेल्या वस्तूची घेणे दुकानदारावर बंधनकारक आहे. न्याय दोन्ही बाजूंना आहे : काम नीट केले असेल तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कलम १७० त्याला देते.

दुकानदार दाद देत नसेल तर प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे तड न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपण राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे अर्ज करता येतो. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. दोषाचे कारण तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष दूर करणे, पैसे परत देणे व नुकसानभरपाई असे आदेश मिळू शकतात. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, हे मनाशी धरून चालावे.

या साऱ्याचा पाया म्हणजे पावती. रुग्ण दाखल करताना आपण केसपेपर लिहितो, तसाच हा मोबाइलचा केसपेपर समजावा. त्यावर पुढील गोष्टी असाव्यात :

१. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक.
२. देतेवेळी काय चालू व काय बंद होते.
३. अंदाजे खर्च व परत देण्याची तारीख.
४. नवा भाग मूळ कंपनीचा की पर्यायी, आणि त्याची हमी किती दिवसांची.

मोबाइल देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढावे. रुग्णांची छायाचित्रे व अहवाल अन्यत्र उतरवून पुसून टाकावेत. परत घेताना दुकानातच एक फोन करून पाहावा. वॉरंटी शिल्लक असल्यास अधिकृत सेवा केंद्रातच जावे.

हजार रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असे आपण म्हणू शकतो. पण आपल्याकडे लेकराला घेऊन येणाऱ्या रिक्षाचालकाची रोजची भाडी मोबाइलवरच येतात. त्याला ते हजार रुपये सोडून देणे परवडत नाही. त्याच्या हाती औषधांची चिठ्ठी देताना प्रसंगी १९१५ हा क्रमांकही लिहून द्यावा, ही माझी समव्यवसायी बंधुभगिनींना विनंती.