घसरणीचा हिशेब

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंडमध्ये नोकरीनिमित्त राहायला आलं की दोन गोष्टी न मागता अंगाला लागतात, बोचरा वारा आणि फुटबॉल क्लब. २०१७ मध्ये हा क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला, पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला आणि तिथे चार हंगाम रुतून बसला. मी पेशाने हिशेबनीस. सामन्यानंतर लोक हुकलेल्या गोलांवर बोलायचे, तेव्हा माझं डोकं ताळेबंदात असायचं. त्या काळात उमगलेलं थोडं लिहितो.

१. शेवटचा नंबर परवडतो, हकालपट्टी परवडत नाही.

२०१६-१७ च्या हंगामात संडरलंड २० संघांत विसावा आला. ३८ सामने, २४ गुण. तरीही टीव्ही-हक्कांच्या वाटणीतून लीगने क्लबला नऊ कोटी पौंडांहून जास्त दिले. वर्षाची एकूण मिळकत साडेबारा कोटींच्या आसपास होती, म्हणजे रुपयातले जवळपास बारा आणे टीव्हीचे. पुढच्या वर्षी हीच मिळकत निम्म्यावर आली. तीही ‘पॅराशूट’ रक्कम धरून. खाली गेलेल्या संघाला एकदम धक्का बसू नये म्हणून लीग टीव्हीच्या समान वाट्यातला ५५ टक्के भाग पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी देते. ती नसती तर काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

२. मिळकत एका दुपारी घटते, करार मात्र चालूच राहतात.

संघ खाली गेला तर पगार आपोआप कमी होईल, असं कलम शहाणे क्लब करारात घालतात. इथे सगळ्यांच्या करारात ते नव्हतं. एका खेळाडूचा आठवड्याचा पगार ७०,००० पौंड असल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं होतं, आणि तो मैदानात क्वचितच दिसायचा. २०१६ मध्ये १ कोटी ३६ लाख पौंड मोजून आणलेला डिडिएर एन्डाँग २०१८ मध्ये सरावाला परतलाच नाही. शेवटी क्लबने करार रद्द केला आणि एवढ्या खरेदीतून हाती शून्य आलं. विकला गेला तो जॉर्डन पिकफर्ड, क्लबच्याच अकादमीत घडलेला गोलरक्षक. घरावर कर्ज चढलं की आधी चांगला दागिना मोडतात, तसंच हे. कर्ज अकरा कोटी पौंडांच्या घरात होतं.

आणि कात्री लागते ती कार्यालयातल्या, तिकीट खिडकीवरच्या माणसांना. त्यांना आठवड्याला ७०,००० कुणी देत नव्हतं.

३. हरण्याने माणसं तुटत नाहीत.

हे मला सगळ्यात उशिरा पटलं. १७ डिसेंबर २०१६ नंतर घरच्या मैदानावरचा पुढचा विजय मिळाला तो १६ डिसेंबर २०१७ ला. मधले ३६४ दिवस लोक घरच्या मैदानावर विजयाची वाट बघत होते. एप्रिल २०१८ मध्ये बर्टन अल्बियनसारख्या छोट्या क्लबने घरात येऊन २-१ ने हरवलं आणि आम्ही तिसऱ्या श्रेणीत गेलो. एवढ्या काळात रिकाम्या खुर्च्या वाढल्या खऱ्या, पण लोकांचा राग पराभवावर कमी आणि बेफिकिरीवर जास्त होता.

त्या बेफिकिरीचा रंग गुलाबी होता. घरच्या मैदानावरच्या, म्हणजे स्टेडियम ऑफ लाइटच्या, लाल खुर्च्या उन्हाने विटून गुलाबी पडल्या होत्या (या गावात ऊन असतं, याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही). कुणी त्या बदलत नव्हतं. २०१८ च्या उन्हाळ्यात नवे मालक आले, नव्या खुर्च्या मागवल्या गेल्या आणि त्या बसवायला क्लबने समर्थकांनाच हाक दिली. लोक आले, फुकट. मीही पाना घेऊन गेलो. गंजलेले बोल्ट सुटता सुटत नव्हते, गुडघे आणि पाठ एक झाली. शेजारच्या रांगेत आमच्या गल्लीतले आजोबा होते, जुन्या गोदीत उमेदवारी केलेले. हात न थांबवता म्हणाले, “हरायची सवय आहे रे आम्हाला. घाणीत बसायची नाही.”

त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ प्रेक्षक आले, तिसऱ्या श्रेणीच्या सामन्याला! लीग वनमधला तो तेव्हाचा विक्रम. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर खालच्या श्रेणीत टीव्हीचा पैसा आटतो, मग तिकीट, जर्सी आणि मध्यंतरातला खाऊ विकत घेणारा माणूसच क्लबचा मोठा आधार होतो. कोविडने मैदानाची दारं बंद केली तेव्हा तोही आधार गेला. मार्च २०२१ मध्ये क्लबने वेम्बलीवर करंडक जिंकला, तिथला १९७३ नंतरचा पहिला विजय, आणि बघायला स्टँडमध्ये कुणी नव्हतं.

४. समर्थक नसतील तर घसरण म्हणजे शेवट.

संडरलंड प्रीमियर लीगमधून खाली आला त्याच २०१७ मध्ये आपल्याकडे कूपरेजवर खेळणारा मुंबई एफसी आय-लीगमध्ये तळाला जाऊन बाहेर पडला. पुढे क्लबच उरला नाही. मालकाचा पैसा होता, पण तो थांबल्यावर क्लबला हात देऊन उचलेल एवढी गर्दी पाठीशी नव्हती. संडरलंडपाशी एवढी एकच पुंजी होती.

५. खरा तोटा मुलांच्या दप्तरावर दिसतो.

मोठी माणसं क्लब बदलत नाहीत. आठ-नऊ वर्षांचं पोर मात्र बदलतं, किंवा मुळातच दुसरा निवडतं. त्या वर्षांत माझ्या मुलीच्या वर्गात दप्तरांवर मँचेस्टर आणि लिव्हरपूलची चिन्हं दिसायची. एकाच्या दप्तरावर तर चक्क शेजारच्या हाडवैरी न्यूकॅसलचं होतं, त्या घरात काय रामायण झालं असेल ते असेल. हा आकडा कुठल्याच ताळेबंदात येत नाही, पण वीस वर्षांनी तिकीट खिडकीवर येतो.

६. वर चढलं की सगळेच जुने समर्थक निघतात.

२०२२ मध्ये विकमला हरवून संघ दुसऱ्या श्रेणीत आला. २४ मे २०२५ ला वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडविरुद्ध भरपाई वेळेतल्या टॉमी वॉटसनच्या गोलने २-१ असा जिंकला आणि आठ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतला. टीव्हीचे बारा आणे पुन्हा सुरू. मला कधी फोन न करणारे लोक तिकिटासाठी फोन करू लागले. आजोबांनी अशांसाठी एकच प्रश्न ठेवला आहे, “बर्टनच्या सामन्याला कुठे बसला होतास?” पुण्याहून शिकायला आलेल्या माझ्या भाच्यालाही त्यांनी तो विचारला. बर्टनच्या वेळी भाचा सहावीत होता. आजोबांना हे कारण पुरेसं वाटलं नाही.