सुजला आहे, पण दुखत नाही
मधुमेहात पायाच्या सांध्यांची परीक्षा कशी करावी?

मधुमेहाच्या रोग्याचा एक पाय सुजतो, लालसर होतो, हाताला गरम लागतो, पण विचारले तर तो म्हणतो, "फादर, दुखत तर नाही. होईल बरा." घरभेटींच्या वेळी आम्ही हे वाक्य पुष्कळदा ऐकतो, आणि ते समाधानाच्या सुरात म्हटलेले असते. मधुमेह्याच्या बाबतीत हे वाक्य दिलाशाचे नसून धोक्याचे आहे, एवढे पटवून देण्यासाठी हा लेख आहे. आम्ही वैद्य नव्हे. परंतु डॉक्टरांकडे केव्हा धावावे हे कळण्यासाठी वैद्य असावे लागत नाही.

हा रोग कोणता?

बरीच वर्षे रक्तात साखर वाढलेली राहिली की पायाच्या मज्जातंतूंना इजा होते. प्रथम मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो. पावलात २६ हाडे व अनेक लहान सांधे असतात. निरोगी माणसाचा पाय मुरगळला तर वेदना त्याला खाली बसवते. तो लंगडतो आणि तेवढ्यात सांध्याला विश्रांती मिळते. बधिर पायाचा माणूस मात्र मुरगळलेल्या, प्रसंगी मोडलेल्या हाडावर तसाच चालत राहतो. त्या जागी दाह पेटतो, रक्ताचा ओघ वाढतो, हाडे मऊ पडतात, आणि प्रत्येक पावलागणिक ती अधिक ढासळतात. शेवटी पावलाची कमान खचून तळवा बाहेरच्या बाजूस फुगीर होतो. त्या फुगवट्यावर सारा भार येऊन जखम होते, जखमेतून जंतू हाडापर्यंत पोहोचतात, आणि पाय कापण्याची पाळी येते.

या विकाराला 'शार्को पाऊल' म्हणतात. पॅरिसचे डॉक्टर झाँ मार्तँ शार्को यांनी १८६८ साली उपदंशामुळे मज्जारज्जू बिघडलेल्या रोग्यांत असे सांधे पाहिले व त्यांचे वर्णन केले. पुढे १९३६ साली अमेरिकेत डॉ. विल्यम जॉर्डन यांनी त्याचा संबंध मधुमेहाशी दाखविला. इन्शुलीन १९२२ पासून वापरात आले, रोगी दीर्घायुषी झाले, आणि अनेक वर्षांच्या मधुमेहाचे असे परिणाम दिसू लागले. एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. शार्को तर १८९३ सालीच वारले. त्यांनी हा रोग ओळखला तो डोळ्यांनी व हातांनी. तेच दोन साधन आपल्या घरातही आहेत.

आपल्याच भूमीतील धडा

बधिर पायाचा अभ्यास आपल्या देशात झाला तो कुष्ठरोग्यांच्या निमित्ताने. निजामाबादजवळील डिचपल्ली येथे १९१५ पासून कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोड्याचे आनंदवन ही नावे मराठी माणसाला परिचित आहेत. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात असे लोक समजत. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे नकळत होणाऱ्या जखमा, भाजणे व त्यांतील जंतू त्यांचा नाश करतात. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरले. वेदना ही शत्रू नसून पहारेकरी आहे, हा त्यांच्या कामाचा सारांश होय. पहारेकरी गेला, तर पहारा घरच्यांनी द्यावयाचा.

घरी करावयाची परीक्षा

ही परीक्षा रोग्याने एकट्याने करू नये. मधुमेहात डोळे अधू व हातही बधिर झालेले असू शकतात. पत्नी, मुलगा, सून, कोणीही जवळच्याने करावी. रोग्याने प्रथम उन्हातून येऊन दहा-पंधरा मिनिटे सावलीत, पाय उघडे ठेवून, मांडी न घालता बसावे.

१. पाहणे. दोन्ही पावले उजेडात शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. सूज, लाली, आकारातील फरक, तळव्यावरील भेग वा जखम शोधावी. एकाच पायाची चप्पल अचानक घट्ट होऊ लागली, पट्ट्याचा वळ उमटू लागला, तर ती सूज समजावी.

२. उष्णता. हाताची पालथी बाजू एका पावलाच्या वरच्या भागावर, मग दुसऱ्याच्या त्याच जागी ठेवावी. एक पाय स्पष्टपणे गरम लागला तर ते मोठे चिन्ह आहे. डॉक्टर हेच तापमापकाने मोजतात; दोन पायांत सुमारे २ अंश सेल्सियसचा फरक असला की संशय बळावतो.

३. स्पर्श. रोग्याने डोळे मिटावेत. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहापैकी दोन वा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय बधिर होत आहे असे समजावे.

४. पाय वर करणे. रोग्याला निजवून पाय उशांवर पाच-दहा मिनिटे उंच ठेवावा. शार्को विकारात लाली बहुधा ओसरते. जंतूंमुळे आलेली लाली सहसा तशीच राहते. हा केवळ इशारा आहे, निकाल नव्हे.

पाय बधिर आहे, आणि तो एकाएकी सुजला, लाल वा गरम झाला, तर पुढील परीक्षा डॉक्टरांनी करावयाची. आणि तीही त्याच दिवशी. त्याबरोबर ताप, जखम, पू वा काळेपणा असेल तर क्षणभरही थांबू नये.

डॉक्टर काय पाहतात?

नायलॉनच्या बारीक तंतूने व कंप पावणाऱ्या चिमट्याने ते संवेदना तपासतात, पायाची नाडी पाहतात, जखम असल्यास ती हाडापर्यंत गेली आहे काय हे सळईने अजमावतात, रक्त तपासतात आणि क्ष-किरण चित्र काढतात. आरंभीच्या आठवड्यांत हे चित्र अगदी निर्दोष येऊ शकते. "फोटो चांगला आला" म्हणून घरी परतू नये. संशय राहिल्यास एम.आर.आय. करावे लागते, आणि निदान पक्के होईपर्यंत पायावर भार देऊ नये. हा पाय पुष्कळदा मुरगळ, वातरक्त, रक्ताची गुठळी किंवा जंतूंचा संसर्ग समजला जातो. म्हणून आपण होऊन सांगावे : "मला इतक्या वर्षांचा मधुमेह आहे, पाय बधिर आहे, हा शार्को पाय तर नाही?" असे विचारण्यात कोणाचाही अपमान नाही.

मुख्य उपचार म्हणजे पायाला विश्रांती. पावलापासून गुडघ्याखालपर्यंत घट्ट बसणारे प्लास्टर घालतात. सूज उतरली की ते सैल होते, म्हणून ते वरचेवर बदलावे लागते. दोन्ही पायांची उष्णता सारखी होऊन हाडे जुळेपर्यंत हे चालते. त्याला काही महिने लागतात. नंतर खास पादत्राणे जन्मभर वापरावी लागतात. दुसऱ्या पायावर जादा भार येतो, तेव्हा त्याचीही रोज तपासणी करावी.

काय करू नये?

तेल लावून रगडू नये, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नये, गरम पाण्याचा वा विटेचा शेक देऊ नये. बधिर पायाला भाजलेलेही कळत नाही. गरम पाय म्हणजे मोडता पाय असे समजून चालणे बंद करावे.

शेतकरी बंधूंसाठी

नारायणगुड्यातील अनेक मराठी कुटुंबांची शेती अद्याप नांदेड, परभणी, लातूर, बिदर भागात आहे. गावचे वडीलधारे आजारी पडले की काचीगुडा स्थानकावर उतरतात व उस्मानिया किंवा निम्स रुग्णालयात दाखवितात. बहुधा उशिरा उतरतात, कारण पेरणी तोंडावर असते. ज्वारी-तुरीची धसकटे, बाभळीचा काटा, उन्हाने तापलेली माती यांच्याशी बधिर पायाने सामना करू नये. बंद, रुंद, मऊ तळाचे बूट घालावेत. घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा पाहावा. ओझे डोक्यावर घेऊन बांधावरून चालणे सोडावे. प्लास्टर असताना बियाणे निवडणे, हिशेब ठेवणे, बसून होणारी कामे करावीत. एक हंगाम बुडाला तर शेजारी हात देतात. पाय गेला तर सर्व हंगाम गेले.

तसेच, अनवाणी यात्रेचा नवस ज्यांनी केला असेल व ज्यांचे पाय बधिर असतील, त्यांनी आपल्या धर्मगुरूंना भेटून तो नवस बदलून घ्यावा. देहाची हानी करणारी तपश्चर्या आपल्याकडून मागितलेली नाही. उपवास, दानधर्म, आजाऱ्याची सेवा हे मार्ग खुले आहेत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांतील थोड्यांनाच हा विकार होतो. पण ज्यांना होतो त्यांच्यापाशी वेळ फार थोडा असतो. तेव्हा ज्या घरात मधुमेह आहे त्या घराने रोज रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे काढावीत : दिवा जवळ घ्यावा, पावले पाहावीत, हाताची पालथी बाजू लावावी. हे काम लेकरांनाही शिकवावे. आईवडिलांच्या पायांना हात लावण्याची आपली जुनी रीत आहेच; आता तो हात तेथे क्षणभर अधिक ठेवावा, आणि दोन्ही पाय सारखेच गरम आहेत ना, एवढे पाहावे.