सैंधवाची डबी

रक्तदाबाच्या रोग्याला मीठ कमी करण्याची सूचना केली की अलीकडे बहुधा एकच उत्तर कानी येते : "साधे मीठ आम्ही केव्हाच सोडले, डॉक्टर; घरात फक्त सैंधव." गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तर रुमालात बांधून आणलेली गुलाबी खड्यांची डबीच पुराव्यादाखल माझ्या टेबलावर ठेवली. त्यांचा रक्तदाब त्या वेळी १८०/१०४ भरला. आणि विचारपूस करता असे उघडकीस आले की, मोबाइलवर आलेल्या एका चित्रफितीवर विश्वास ठेवून त्यांनी सैंधव सुरू केले, ते बाधत नाही म्हणून आमटीत सढळ हाताने घातले, आणि आता औषधाचे प्रयोजन उरले नाही अशा समजुतीने दीड महिन्यापूर्वी गोळीही बंद केली.

सैंधव गुलाबी असो की पांढरे, त्याचा बहुतेक सारा भाग सोडियम क्लोराइडचाच असतो, आणि रक्तदाब वाढतो तो ह्या सोडियमने. शिवाय साध्या मिठात मुद्दाम घातलेले आयोडीन त्यात नसते, ते निराळेच. उपवासाला चिमूटभर सैंधव घेण्यास माझी मुळीच हरकत नाही, परंतु त्याला औषध म्हणून विकणाऱ्यांनी लोकांच्या आयुष्याशी मांडलेला हा खेळ मला सहन होत नाही.

मीठ बदलल्याने खरोखर काही साधते काय, ह्याचा उत्तम दाखला चीनने दिला आहे. हेबेई, ल्याओनिंग, निंग्शिया आदी उत्तरेकडील पाच प्रांतांतल्या ग्रामीण घरांत मीठ पोटात जाते ते मुख्यतः घरच्याच कढईतून, सोया सॉसमधून आणि खारवून ठेवलेल्या भाज्यांतून. म्हणून संशोधकांनी हातच घातला तो स्वयंपाकघरातल्या मिठाला. ६०० खेड्यांतील २०,९९५ माणसे, ज्यांतील बहुतेकांना पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला आणि बाकीची साठी ओलांडलेली व रक्तदाबाने पीडित, त्यांनी निवडली. निम्म्या खेड्यांना नेहमीचे मीठ चालू ठेवले, आणि उरलेल्या खेड्यांना तीन हिस्से सोडियम क्लोराइड व एक हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण विनामूल्य पुरवले. सुमारे पाच वर्षांनंतर, २०२१ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले : मिश्रण खाणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूचे १२ टक्क्यांनी कमी. फोडणी तीच, भाजी तीच. केवळ बरणीतल्या मिठाची घडण बदलली होती.

मात्र हे वाचून उद्याच दुकान गाठू नका. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत, किंवा जे स्पायरोनोलॅक्टोनसारखी शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारी गोळी घेतात, त्यांच्या रक्तात ह्या मिठाने पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते. अशा रोग्यांना त्या प्रयोगातूनही वगळलेले होते. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या वडिलांसाठी हे मीठ परस्पर घेऊन आलेल्या एका सुशिक्षित मुलाला मी ते पाकीट परत करावयास लावले. ते वापरायचे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारून आणि रक्त तपासूनच ठरवा.

शिक्षिकाबाई घाबरल्या होत्या, आणि घाबरण्याचे कारण नव्हते. गोळी पुन्हा सुरू केली, लोणचे-पापड ताटातून उठवले, आणि दिवसभराचे सारे मीठ एका सपाट लहान चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, बसवण्याची ताकीद दिली. तीन आठवड्यांनी दाब १३८/८६ होता.

रक्तदाबाचे दुखणे बहुधा काहीच जाणवू देत नाही, म्हणून बरे वाटते ह्या सबबीवर गोळी सोडू नका. आणि घरात कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर लकव्यावर कबुतराचे रक्त चोळणाऱ्याकडे जाण्यात वेळ दवडू नका, तत्काळ मोठे इस्पितळ गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते.