धाप कां लागते?

शाळेच्या वार्षिक क्रीडासामन्यांत अर्ध्या मैलाची शर्यत संपली म्हणजे एक देखावा ठरलेला असतो. पहिला आलेला मुलगा गुडघ्यांवर हात टेकून जोरजोरानें श्वास घेत असतो, व शेवटचा आलेलाही तसाच. पहिल्याच्या धापेकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. शेवटच्याला मात्र मित्र म्हणतात, “अरे, किती धाप लागते तुला!” आणि घरीं आई म्हणते, “उद्यांपासून धांवूं नकोस, बाळ. तुझी छाती नाजूक आहे.” कांहीं पालक तर तशा अर्थाची चिठ्ठीच मुलाच्या हातीं देऊन पाठवितात, आणि मुलगी असेल तर ती चिठ्ठी अधिकच लवकर येते. धाप ही दुबळेपणाची खूण, अशी ही एक समजूत झाली. दुसरी समजूत धाडसी मुलांची आहे: श्वासाची तळमळ दाबून टाकणें हाच पराक्रम! या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर प्राणघातक आहे. म्हणून धाप म्हणजे काय, ती कशासाठीं लागते व तिचें ऐकावें कसें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडें गणित करूं. प्रौढ मनुष्य स्वस्थ बसलेला असतांना मिनिटाला सुमारें १५ वेळां श्वास घेतो व प्रत्येक श्वासाबरोबर सुमारें अर्धा लिटर हवा आंत जाते, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. तोच मनुष्य जोरानें धांवूं लागला कीं श्वासांची संख्या ४० पर्यंत चढते व प्रत्येक श्वासांतील हवा दोन-अडीच लिटरपर्यंत वाढते, म्हणजे मिनिटाला ८० ते १०० लिटर. आंत जाणाऱ्या हवेच्या १०० भागांत सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. बाहेर येणाऱ्या हवेंत तो १६-१७ भागच उरतो. उलट कार्बन डाय-ऑक्साइड, ज्यास या लेखांत सोयीसाठीं आम्ही ‘कर्बवायु’ म्हणूं, तो आंत जातांना सुमारें ०.०४ भाग असतो व बाहेर येतांना सुमारें ४ भाग. या देवाणघेवाणींत स्वस्थ बसलेल्या मनुष्यास मिनिटाला सुमारें पाव लिटर प्राणवायु मिळतो. जोरानें धांवणाऱ्या निरोगी तरुणाला तीन लिटर लागतो. म्हणजे गरज बारा पटींनीं वाढली!

श्रम करतांना मनुष्य अधिक प्राणवायु खर्च करतो, हें प्रथम मोजून दाखविण्याचा मान फ्रान्समधील थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याचा आहे. १७९० च्या सुमारास त्यानें आपला सहकारी सेगँ याला पायानें वजन उचलावयास लावून त्याचा प्राणवायूचा खर्च मोजला. स्नायूंतील कार्य हें एक प्रकारचें सावकाश ज्वलन आहे. ज्वाला दिसत नाहीं, पण इंधन जळतें, उष्णता निघते आणि धुराच्या ऐवजीं कर्बवायु निघतो. चुलींत लांकडें वाढविलीं म्हणजे फुंकणीही जोरानें चालवावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

विद्यार्थ्यांनीं याचा पडताळा स्वतः पाहावा. दोन कांचपात्रांत सारखी चुन्याची निवळी घ्यावी. एकींत स्वस्थ बसून नळीनें श्वास सोडावा. दुसरींत मैदानाला एक फेरी मारून येऊन सोडावा. कर्बवायूनें निवळी दुधासारखी पांढरी होते, व धांवून आल्यावर ती अधिक लवकर पांढरी होते. हा प्रयोग शिक्षकांच्या समक्ष करावा, आणि नळीनें फुंकावें, ओढूं मात्र नये.

आतां हा सौदा होतो कोठें, तें पाहूं. फुप्फुसें म्हणजे दोन पोकळ पिशव्या नव्हेत. त्यांत सुमारें ३० कोटि किंवा त्याहूनही अधिक सूक्ष्म वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरतां आले, तर त्यांचें क्षेत्रफळ सुमारें ७० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाहून थोडेंसेंच कमी भरेल. प्रत्येक वायुकोशाभोंवतीं केशवाहिन्यांचें जाळें असतें, आणि हवा व रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. या पडद्यांतून प्राणवायु रक्तांत जातो व कर्बवायु बाहेर येतो. स्वस्थ स्थितींत तांबडी रक्तपेशी या ठिकाणीं सुमारें पाऊण सेकंद असते. जोराच्या व्यायामांत रक्त इतक्या वेगानें वाहतें कीं तिला पाव सेकंदच मिळतो. तरी निरोगी फुप्फुसांत तेवढ्या वेळांतही ती प्राणवायूनें भरून निघते.

येथें एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. रक्तांतील हीमोग्लोबिन हें प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य, आणि स्वस्थ बसलेल्या निरोगी मनुष्याच्या फुप्फुसांतून निघतांनाही तें शेंकडा ९७-९८ भरलेलें असतें. अधिक श्वास घेऊन त्यांत फारसा जास्त प्राणवायु कोंबतां येत नाहीं. मग धांवणाऱ्याची बारा पट गरज भागते कशी? दोन उपायांनीं. पहिला, हृदय मिनिटाला पांच लिटरच्या ऐवजीं २० ते २५ लिटर रक्त ढकलूं लागतें. दुसरा, एरव्हीं शरीर रक्तांतील प्राणवायूचा सुमारें चौथा हिस्साच काढून घेतें व बाकीचा तसाच परत येतो; पण श्रमणारा स्नायु त्यांतील बहुतेक सर्व उतरवून घेतो. कोपनहेगन येथील बोर या शास्त्रज्ञानें १९०४ सालीं दाखविलें कीं, जेथें कर्बवायु अधिक, तेथें हीमोग्लोबिन प्राणवायूला अधिक सहज सोडतें. जेथें काम जास्त तेथें माल जास्त उतरावा, अशी ही व्यवस्था आहे!

आतां मुख्य प्रश्न: धापेची घंटा वाजवितो कोण? बहुतेक जण उत्तर देतील, “प्राणवायु कमी पडला म्हणून धाप लागते.” पण नेहमींच्या स्थितींत हें उत्तर बरोबर नाहीं. १९०५ सालीं ऑक्सफर्ड येथें हाल्डेन व प्रीस्टली या दोघांनीं सिद्ध केलें कीं, श्वासाचें नियमन प्रामुख्यानें कर्बवायु करतो. वायुकोशांतील हवेंत त्याचें प्रमाण १०० भागांत ०.२ भाग एवढें वाढलें, तरी स्वस्थ मनुष्याचें श्वसन जवळजवळ दुप्पट होतें. मेंदूच्या बुडाशीं असलेलें श्वसनकेंद्र कर्बवायूचा, व त्यामुळें वाढणाऱ्या आम्लतेचा, असा सूक्ष्म पहारा ठेवतें. प्राणवायूवर पहारा ठेवणाऱ्या पेशी मानेंतील मोठ्या धमनीजवळ आहेत खऱ्या, पण प्राणवायु बराच खालीं आल्याशिवाय त्या जोरानें ओरडत नाहींत.

व्यायामांत तर याहूनही सुंदर योजना दिसते. १९१३ सालीं क्रोग व लिंडहार्ड यांनीं दाखविलें कीं, श्रमास आरंभ होतांच, कर्बवायु रक्तांत सांचण्यापूर्वींच, श्वास वाढतो. मेंदू पायांना ‘धांवा’ म्हणून आज्ञा देतो, तेव्हांच श्वासाच्या स्नायूंनाही सूचना जाते. हलणारे सांधे व स्नायु यांजकडूनही निरोप येतात. म्हणून मध्यम श्रमांत रक्तांतील प्राणवायु व कर्बवायु यांचें प्रमाण जवळजवळ ढळत नाहीं. श्रम फार वाढले म्हणजे स्नायूंतून आम्लता रक्तांत येते व तिच्यामुळें श्वास आणखी वाढतो. तीच आपली धाप. ती कांहीं बिघाड नव्हे. रक्ताचा तोल राखण्यासाठीं शरीरानें केलेली ती तत्पर सेवा आहे.

शर्यत संपल्यावरही धाप कांहीं वेळ राहते, याचें कारण आरंभीं स्नायूंनीं कांहीं काम उसनवारीवर केलेलें असतें. इंग्रज शास्त्रज्ञ हिल, ज्यास १९२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यानें यास ‘प्राणवायूचें ऋण’ असें नांव दिलें. या ऋणाचा हिशेब त्याला वाटला त्यापेक्षां अधिक गुंतागुंतीचा आहे, हें पुढील संशोधनानें दिसून आलें. परंतु श्रमानंतर शरीर कांहीं वेळ अधिक प्राणवायु घेतें, हें त्याचें निरीक्षण खरेंच ठरलें आहे. म्हणून शर्यतीनंतर एकदम आडवें न पडतां सावकाश चालावें.

धापेच्या वेळीं श्वास कसा घ्यावा, हेंही गणितानेंच ठरवूं. प्रत्येक श्वासांतील सुमारें १५० मिलिलिटर हवा नाक, घसा व श्वासनलिका यांतच राहते. तिचा उपयोग होत नाहीं. कोणी मिनिटाला २५० मिलिलिटरचे ३० उथळ श्वास घेतले, तर एकंदर हवा साडेसात लिटर, पण उपयोगी पडली फक्त तीन लिटर. दुसऱ्यानें ५०० मिलिलिटरचे १५ श्वास घेतले, तर हवा तेवढीच, पण उपयोगी पडली सव्वापांच लिटर. म्हणून धांवतांना कुत्र्यासारखी उथळ धाप टाकूं नये. पोटापर्यंत पोंचेल असा भरदार श्वास घ्यावा व तो पूर्ण सोडावा.

आतां दुसऱ्या समजुतीकडे वळूं. आमच्या लहानपणीं गांवच्या विहिरींत बुडी मारून तळचा दगड वर आणण्याची पैज लागत असे. त्यांत एक मुलगा पट्टीचा पोहणारा होता. त्यानें एक युक्ति शोधली होती: कांठावर उभें राहून वीस-पंचवीस वेळां जोरजोरानें श्वास घ्यावयाचा व मग सूर मारावयाचा. त्यायोगें तो सर्वांपेक्षां अधिक वेळ पाण्याखालीं राही. एके दिवशीं तो वर आलाच नाहीं. ना धडपड, ना बुडबुडे. गांव म्हणाला, विहिरींतल्या आसरांनीं ओढला. आम्हींही तेव्हां तेंच खरें मानलें. पुढें अनेक वर्षांनीं शरीरशास्त्र शिकतांना हाल्डेनचा शोध वाचला, आणि पुस्तक मिटून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसून राहिलों.

कारण आतां वाचकांच्याही ध्यानांत आलें असेल. त्या जोरदार श्वासांनीं त्याच्या रक्तांतील प्राणवायु फारसा वाढला नव्हता. तो मुळांतच भरलेला होता. गेला तो कर्बवायु. म्हणजे त्यानें शिदोरी वाढविली नाहीं, पहारेकरी मात्र झोंपविला. पाण्याखालीं प्राणवायु संपत आला, पण कर्बवायु अजून घंटा वाजविण्याइतका सांचला नव्हता. ‘वर जा’ अशी हांक येण्यापूर्वींच मेंदूची शुद्ध गेली. अशा रीतीनें बुडणाऱ्यास भीतिही वाटत नाहीं, आणि म्हणूनच चांगले पोहणारेच यांत बळी पडतात. मुलांनो, बुडी मारण्यापूर्वीं जोरजोरानें श्वास कधींही घेऊं नका, पाण्याखालीं राहण्याची पैज लावूं नका व एकटे पोहूं नका. हा एवढा परिच्छेद जरी तुमच्या स्मरणांत राहिला, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले.

पालकांस दोन शब्द. धांवल्यावर धाप लागणें व दहा-पंधरा मिनिटांत ती शमणें, हें निरोगी शरीराचें लक्षण आहे. नियमानें धांवणाऱ्या मुलाचें हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलूं लागतें, स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, आणि कांहीं आठवड्यांतच तेवढ्याच अंतराला कमी धाप लागते. धाप लागते म्हणून मुलीला मैदानापासून दूर ठेवणें, म्हणजे धाप कमी करण्याचा मार्गच बंद करणें होय. परंतु साध्या चालण्यानेंही धाप लागत असेल, छातींत दुखत असेल, घेरी येत असेल किंवा श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज येत असेल, तर विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें. दम्याच्या मुलांनाही योग्य औषधोपचारानें बहुधा खेळतां येतें. वाढत्या वयाच्या मुलींत रक्तक्षय पुष्कळ आढळतो. हीमोग्लोबिन कमी म्हणजे प्राणवायु वाहणारे हमालच कमी. मग लवकर धाप लागेल यांत नवल काय? तेथें विश्रांति हा उपाय नव्हे; रक्ततपासणी, लोहयुक्त आहार व वैद्यकीय सल्ला हा उपाय आहे.

ज्या परमेश्वरानें आपणांस श्वास दिला, त्यानेंच त्यावर हा पहारेकरीही नेमला आहे. तो हांक मारील तेव्हां त्याला भिऊं नये आणि त्याची फसवणूकही करूं नये. पुढील वर्षीं शर्यतीच्या शेवटीं जो मुलगा किंवा जी मुलगी धापा टाकीत येईल, तिला कोणी दुबळी म्हणूं नये. तिचें शरीर आपलें काम चोख बजावीत आहे, एवढें समजून तिच्या पाठीवर हात ठेवावा आणि म्हणावें, “शाबास! आतां थोडी सावकाश चाल.”